दुसरा ग्राफ्ट कुठला? बायपासमधल्या निवडीच्या अभ्यासाला प्रस्तावना

बायपास करून घरी आलेल्या माणसाला बघायला पाहुणे येतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘किती केले?’ तीन, चार, कधी पाच. आकडा मोठा तेवढं ऑपरेशन मोठं, अशी आपली समजूत. कुठली रक्तवाहिनी कुठून काढली आणि कुठे जोडली, हे सहसा कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी रुग्णाला सांगता येत नाही. डिस्चार्ज कार्डावर मात्र ते एका ओळीत लिहिलेलं असतं: ‘लिमा टू एलएडी, एसव्हीजी टू ओएम, एसव्हीजी टू पीडीए.’ त्या माणसाची पुढची दहा-पंधरा वर्षं कशी जाणार, याचा बराचसा हिशेब त्या ओळीत असतो. ती ओळ कशी ठरते, ती वेगळी असू शकली असती का, आणि वेगळी असती तर कुणाचा फायदा झाला असता, हा या अभ्यासक्षेत्राचा विषय आहे.

विषय फक्त सर्जनांचा आहे असं समजून उंबरठ्याबाहेर थांबायचं कारण नाही. बेळगावच्या नेहरूनगरात रात्रपाळी करणारा निवासी डॉक्टर, ऑपरेशन झालेला रुग्ण दर महिन्याला ज्यांच्याकडे बीपी तपासायला येतो असे निपाणी-चिकोडीकडचे फॅमिली डॉक्टर, आयसीयूतल्या सिस्टर, आणि वडिलांच्या संमतिपत्रावर सही करायला निघालेला मुलगा, या सगळ्यांना इथे जागा आहे. थोडी शरीररचना, थोडा इतिहास आणि आकड्यांकडे घाई न करता बघायची सवय, एवढी शिदोरी पुरते.

आधी शरीररचना. हृदयाला स्वतःचं रक्त दोन कोरोनरी धमन्यांतून मिळतं. महाधमनीच्या मुळाशीच त्या फुटतात. उजवी उजव्या अंगाने खाली जाते. डावीचे लगेच दोन फाटे होतात: समोरून खाली उतरणारी एलएडी आणि मागे वळसा घालणारी सर्कमफ्लेक्स. शरीरभर रक्त ढकलणाऱ्या डाव्या कप्प्याचा मोठा भाग एलएडीवर जगतो, म्हणून बायपासमध्ये तिचा मान पहिला. ऑपरेशनमध्ये अडथळा काढत नाहीत, तो असतो तिथेच राहतो. त्याच्या पलीकडे रक्त पोचेल अशी दुसरी वाहिनी जोडतात. तीच ग्राफ्ट.

ही वाहिनी माणसाच्या स्वतःच्या शरीरातूनच घ्यावी लागते. कृत्रिम नळ्या पोटातल्या आणि मांडीतल्या मोठ्या धमन्यांना चालतात, पण दीड-दोन मिलिमीटरच्या कामाला त्या टिकत नाहीत, गुठळी होऊन बंद पडतात. मग उरतात मोजके पर्याय. पायाच्या घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब सॅफेनस शीर, म्हणजे कार्डावरची ‘एसव्हीजी’. उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या मागे दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या मॅमरी धमन्या. नाडी बघताना जिच्यावर बोट ठेवतो ती मनगटाची रेडियल धमनी. आणि जपानमध्ये हिसायोशी सुमा यांनी रुळवलेली, जठराच्या कडेने जाणारी गॅस्ट्रोएपिप्लॉइक धमनी. आपल्याकडे ती क्वचितच वापरतात.

यांतला कुठला पर्याय आधी आला, याचा इतिहास गमतीचा आहे. मॉन्ट्रियलचे आर्थर वाइनबर्ग १९५० च्या सुमारास मॅमरी धमनीचं टोक हृदयाच्या स्नायूत नुसतं पुरून ठेवत, तिथे आपोआप नवे फाटे फुटतील या आशेने. १९५८ मध्ये क्लीव्हलँडच्या मेसन सोन्स यांच्या हातून तपासणीच्या वेळी रंगद्रव्य चुकून थेट कोरोनरी धमनीत गेलं. रुग्ण वाचला आणि कोरोनरी अँजिओग्राफीचा जन्म झाला. अडथळा नेमका कुठे आहे हे तोपर्यंत दिसतच नव्हतं. १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गोएट्झ यांनी उजवी मॅमरी धमनी कोरोनरीला जोडली. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी डावी मॅमरी टाके घालून जोडली. म्हणजे सुरुवात धमनीने झाली होती. पण १९६७ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरली आणि जगभर तिचाच प्रसार झाला. कारणं व्यवहाराची होती. शीर लांब मिळते, जाड असते, टाके घालायला सोपी जाते. मुख्य सर्जन छाती उघडत असताना सहकारी पायातून ती काढून तयार ठेवू शकतो. भारतात पहिली बायपास १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. मराठी घरांत हा शब्द रुळला तो पुढे, नव्वदच्या दशकात, आणि त्यात मुंबईच्या डॉ. नितू मांडके यांच्या नावाचा वाटा मोठा होता.

पायाची शीर कामाची आहे, आजही तिच्याशिवाय चालत नाही. पण तिचं दुखणं तिच्या घडणीतच आहे. पायातलं रक्त कमी दाबाने वर आणणं हे तिचं काम. तिला छातीत नेऊन महाधमनीला जोडलं की पहिल्याच ठोक्याला तिच्यावर धमनीचा पूर्ण दाब येतो. आत झडपा असतात, म्हणून ती उलटी करून जोडावी लागते. काढताना ओढाताण झाली, फुगवून बघताना जोर जास्त लागला, तर आतलं नाजूक अस्तर दुखावतं. पहिल्या महिन्यात ती बंद पडली तर बहुधा गुठळीने. वर्षभरात पडली तर आतला थर जाड झाल्याने. त्यानंतर तिच्यातही कोलेस्टेरॉलचा थर साचतो, आणि मूळ धमनीपेक्षा लवकर साचतो. ढोबळ हिशेब असा, की दहा वर्षांनी शिरेचे निम्म्याहून थोडे जास्त ग्राफ्ट चालू राहतात. डावी मॅमरी एलएडीला जोडलेली असेल तर दहांतले नऊ किंवा त्याहून जास्त.

मॅमरी इतकी का टिकते, याचं उत्तर तिच्या भिंतीत आहे. तिच्यात स्नायू कमी आणि लवचीक तंतू जास्त असतात. आतला लवचीक पडदा जवळजवळ सलग असतो, त्यामुळे खालच्या थरातल्या पेशींना आत शिरायला वाव मिळत नाही. तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड भरपूर सोडतं, त्याने वाहिनी सैल राहते आणि गुठळी धरत नाही. शिवाय ती पूर्ण तोडावी लागत नाही. वरचं टोक जागेवरच राहतं, रक्त नेहमीच्या वाटेने येत राहतं आणि फक्त खालचं टोक हृदयाकडे वळवायचं असतं. न्यूयॉर्कचे जॉर्ज ग्रीन यांनी १९६८ मध्येच सूक्ष्मदर्शक लावून ती एलएडीला जोडायला सुरुवात केली होती, पण काम किचकट म्हणून बाकीच्यांनी मनावर घेतलं नाही. मत बदललं ते १९८६ मध्ये, आणि जिथून शिरेचा प्रसार झाला त्याच क्लीव्हलँडमधून. फ्लॉइड लूप आणि सहकाऱ्यांनी ५,९३१ रुग्णांच्या दहा वर्षांच्या नोंदी मांडल्या. ज्यांना फक्त शिरेचे ग्राफ्ट होते, त्यांचा मृत्यूचा धोका मॅमरी मिळालेल्यांच्या तुलनेत १.६१ पट निघाला. तेव्हापासून ‘लिमा टू एलएडी’, म्हणजे डावी मॅमरी एलएडीला, ही या शस्त्रक्रियेतली जवळजवळ अढळ गोष्ट झाली.

सीमाभागातल्या वाचकाला दावा लांबण्याचं नवल वाटणार नाही. महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याच्या तारखा ऐकत इथली एक पिढी मोठी झाली. ग्राफ्टच्या प्रश्नाचंही तसंच आहे. पहिल्या ग्राफ्टचा निकाल लागला. दुसऱ्याचा दावा अजून उभा आहे: एलएडीला मॅमरी दिली, पण सर्कमफ्लेक्सच्या फाट्याला (कार्डावरची ‘ओएम’) आणि उजवीला (तिचा फाटा ‘पीडीए’) काय द्यायचं? पुन्हा पायाची शीर, की हाताची रेडियल, की दुसरी मॅमरी? या क्षेत्रातला गेल्या चाळीस वर्षांतला बहुतेक वाद या एका प्रश्नाभोवती आहे, आणि नव्याने येणाऱ्याने आधी हाच प्रश्न नीट धरावा.

रेडियलची कथा घ्या. पॅरिसमध्ये अलँ कार्पेंतिए यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती वापरून पाहिली आणि सोडून दिली, कारण ती आकसून बंद पडत होती. वीसेक वर्षांनी तेव्हाचे काही ग्राफ्ट अजून चालू असल्याचं दिसलं आणि त्याच शहरात ख्रिस्तोफ अकार यांनी तिला परत आणलं. तोवर काढण्याची पद्धत सुधारली होती, आकसणं रोखणारी औषधं हाताशी आली होती. रेडियलच्या भिंतीत स्नायू भरपूर, म्हणून तिला एक अट लागते. जिला जोडायची त्या धमनीतला अडथळा मोठा हवा: डाव्या बाजूला निदान ७० टक्के, उजव्या बाजूला ९० च्या घरात. मूळ धमनीतून पुरेसं रक्त येतच असेल तर रेडियलमधला प्रवाह मंदावतो आणि ती दोरीसारखी बारीक होऊन बसते. पायाच्या शिरेला या गोष्टीचा एवढा फरक पडत नाही. म्हणजे ‘चांगली वाहिनी कुठली’ या प्रश्नाला ‘कुठल्या धमनीसाठी’ हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

अट पाळली तर रेडियलच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. २०१८ मध्ये मारिओ गौदिनो आणि सहकाऱ्यांनी सहा चाचण्यांतल्या १,०३६ रुग्णांची माहिती एकत्र केली. पाच वर्षांच्या टप्प्यावर रेडियल गटात ग्राफ्ट बंद पडण्याचा धोका शिरेच्या तुलनेत निम्म्याहून कमी होता, आणि मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा उपचार अशा घटना एकत्र धरल्या तर त्याही सुमारे एक तृतीयांशाने कमी. स्त्रिया आणि ७५ वर्षांखालचे रुग्ण यांच्यात फायदा जास्त दिसला. मेलबर्नच्या ‘रॅपको’ चाचणीत दहा वर्षांनी रेडियल ८५ टक्के आणि शीर ७१ टक्के चालू होती. २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी एलएडीनंतरच्या सर्वांत महत्त्वाच्या धमनीसाठी शिरेपेक्षा रेडियलला वरच्या दर्जाची पसंती दिली.

हे आकडे निपाणीत आणून ठेवले की काय होतं ते पाहा. विडी कामगार बाईला बायपास सांगितली आणि हाताची धमनी घेऊ म्हटलं, तर तिचा पहिला प्रश्न टक्केवारीचा नसतो. ‘डॉक्टरसाहेब, हाताची शीर काढली तर विड्या वळायला येतंय न्हवं?’ प्रश्न अगदी नेमका आहे. पान हातात धरायचं, तंबाखू पसरायचा, अंगठा आणि बोटं फिरवून वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा; हे दिवसभरात शेकड्यांनी. रेडियलच्या शेजारून जाणारी चेता काढताना दुखावली तर अंगठ्याच्या मागच्या बाजूला बधिरपणा येतो. बहुतेकांचा तो काही महिन्यांत कमी होतो, काहींचा राहतो. म्हणून धमनी ज्या हाताने काम कमी त्या हातातून घेतात. पण विडी वळायला दोन्ही हात सारखेच लागतात. तिला हे आधी सांगायला हवं, आणि तिचा नकार आला तर तो अडाणीपणा नसून तिच्या पोटाचा हिशेब आहे, हेही मानायला हवं.

रेडियल काढण्याआधी हाताची एक साधी परीक्षा करतात, ती कुणालाही बघता येईल. रुग्णाला मूठ घट्ट आवळायला सांगायचं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूची रेडियल आणि करंगळीच्या बाजूची अल्नर, दोन्ही धमन्या दाबून धरायच्या. मूठ उघडली की तळहात पांढराफटक दिसतो. आता फक्त करंगळीकडचा दाब सोडायचा. काही सेकंदांत तळहातावर लाली परत आली, तर हात अल्नरवर चालू शकतो. नाही आली, किंवा यायला वेळ लागला, तर रेडियलचा नाद सोडायचा. याला अॅलनची चाचणी म्हणतात. शंका राहिली तर डॉपलर करतात. ज्यांची मूत्रपिंडं बिघडत चालली आहेत आणि पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता आहे, त्यांच्या हातातली धमनी फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिसच्या जोडणीसाठी, राखून ठेवावी. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हल्ली अँजिओग्राफी मनगटातूनच होते. नळी घातलेल्या रेडियलचं अस्तर दुखावतं, ती ग्राफ्ट म्हणून वापरू नये असा संकेत आहे. तेव्हा बायपास लागण्याची शक्यता दिसत असेल तर तपासणी कुठल्या हातातून करायची, हे कार्डिऑलॉजिस्ट आणि सर्जन यांनी आधी एकमेकांशी बोलून ठरवलेलं बरं.

दुसऱ्या मॅमरीचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. डावी इतकी टिकते, तर उजवीही टिकणार, मग दोन्ही वापरल्या तर माणूस जास्त जगेल, हा तर्क सरळ आहे, आणि रुग्णांच्या जुन्या नोंदी बघून केलेले बरेच अभ्यास त्याच्या बाजूने बोलतात. पण ऑक्सफर्डच्या डेव्हिड टॅगर्ट यांच्या नेतृत्वाखाली ‘आर्ट’ चाचणी झाली तेव्हा चित्र वेगळं निघालं. सात देशांतले ३,१०२ रुग्ण, त्यात भारतातलेही. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. दहा वर्षांनी मृत्यू दोन मॅमरींच्या गटात २०.३ टक्के, एका मॅमरीच्या गटात २१.२ टक्के. फरक नाही म्हटलं तरी चालेल.

इथे घाईने निकाल देणारा चुकतो. त्या चाचणीत ज्यांना दोन मॅमरी मिळायच्या होत्या त्यांतल्या सुमारे १४ टक्क्यांना प्रत्यक्षात एकच मिळाली. एका मॅमरीच्या गटातल्या सुमारे २२ टक्क्यांना रेडियलही मिळाली होती. म्हणजे दोन्ही गट एकमेकांकडे सरकले. प्रत्यक्ष काय जोडलं यावरून हिशेब केला तर एकाहून जास्त धमनी मिळालेले रुग्ण पुढे दिसतात, पण असा हिशेब करताना चिठ्ठीचा निःपक्षपातीपणा हातातून जातो: ज्याची प्रकृती बरी त्यालाच सर्जन जास्त धमन्या देतो, आणि मग तो प्रकृतीमुळे जगला की धमनीमुळे हे सांगता येत नाही. नेमका हा तिढा सोडवायला गौदिनो यांच्याच पुढाकाराने २०१८ मध्ये ‘रोमा’ ही ४,३०० रुग्णांची चाचणी सुरू झाली. या विषयात पाऊल ठेवणाऱ्याने ‘आर्ट’चा मूळ लेख सावकाश वाचावा. पुरावा म्हणजे काय आणि तो कुठे निसटतो, हे शिकायला त्याहून चांगला धडा नाही.

दोन्ही मॅमरी काढण्याची किंमतही आहे. उरोस्थीला रक्त याच धमन्यांतून मिळतं. दोन्ही काढल्या की हाड भरून यायला वेळ लागतो, जखमेत पू होण्याची भीती वाढते. ‘आर्ट’मध्ये छातीच्या जखमेची गुंतागुंत ३.५ विरुद्ध १.९ टक्के होती. मधुमेह, लठ्ठपणा, फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांना ही भीती जास्त. धमनी भोवतालच्या चरबीसकट न काढता नुसती सुटी करून काढली तर धोका कमी होतो, पण तेवढा वेळ आणि हात लागतो. अमेरिकेतही दोन मॅमरी मिळणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खालीच राहिलं आहे.

शिरेच्या बाजूनेही बचाव झालाच. स्वीडनमधल्या ओरेब्रो इथे डोमिंगोस सौझा यांनी शीर भोवतालच्या चरबीसकट, न फुगवता काढायला सुरुवात केली. सोळा वर्षांनी अशा शिरा ८३ टक्के चालू, नेहमीच्या पद्धतीच्या ६४ टक्के. चीनमध्ये २,६५५ रुग्णांच्या चाचणीतही वर्षभरात बंद पडणाऱ्या शिरा कमी दिसल्या. मग २०२४ मध्ये ‘स्वीडग्राफ्ट’ या मोठ्या चाचणीचा निकाल आला: दोन वर्षांनी फायदा दिसला नाही, पायाच्या जखमांचा त्रास मात्र वाढला. एका छोट्या केंद्रात सिद्धहस्त माणसाला जमतं ते सगळीकडे जमेल असं नाही. हे वाचून कुणी हिरमुसू नये. पद्धत जिथे जन्मली त्याच देशाने तिची परीक्षा घेतली आणि निकाल लपवला नाही, यावरून या क्षेत्राच्या तब्येतीचा अंदाज येतो.

आता आपल्या रुग्णाकडे वळू. वर सांगितलेल्या चाचण्यांतला सरासरी रुग्ण साठी ओलांडलेला आहे. आपल्याकडचा तेवढा थांबत नाही. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून नागपूरच्या डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की दक्षिण आशियात पहिल्या हार्ट अटॅकचं मध्यक वय ५३ आहे, इतरत्र ते ५८.८. पन्नाशीतल्या माणसाला दहा वर्षं टिकणारा ग्राफ्ट पुरत नाही, वीस वर्षांचा विचार करावा लागतो. म्हणजे धमनीचा ग्राफ्ट द्यायचं कारण आपल्याकडे जास्त. पण त्याच माणसाला मधुमेहही असतो, आणि २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीने मधुमेहींसाठी स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरवली, म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर मधुमेहीच जास्त येतात. त्यांच्यात दुसऱ्या मॅमरीने जखम चिघळायची भीती. धमन्या बारीक आणि दूरवर खराब झालेल्या, म्हणजे टाके घालायला जागा कमी. एक कारण ज्या दिशेने ओढतं, दुसरं त्याच्या उलट. अशा वेळी डावी मॅमरी आणि एक रेडियल, गरज पडली तर तिसरीकडे शीर, हा मधला मार्ग बऱ्याच जणांना पटतो. माझंही मत तेच आहे.

त्यात तंबाखूची भर. निपाणीच्या पंचक्रोशीत तंबाखू हे पीकही आहे आणि सवयही. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला, वखारीतल्या आणि विडी वळणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली. इथल्या अर्थकारणात या पानाचं वजन किती हे त्यावरून कळतं. त्याच घरांत पुरुषांच्या खिशात विडी किंवा चुन्याची डबी आणि बायकांच्या हाताशी मिसरी असते. बायपासनंतर धूम्रपान चालू ठेवलं की पायाच्या शिरेचे ग्राफ्ट लवकर खराब होतात, यावर दुमत नाही. दुसरा ग्राफ्ट रेडियल की शीर या वादात आपण जेवढी शक्ती घालतो, तेवढी विडी सोडवण्यात घातली तर पुष्कळांचा जास्त फायदा होईल. अॅस्पिरिन आणि स्टॅटिनचंही तसंच. ग्राफ्ट उघडा ठेवायचं निम्मं काम ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, गावातल्या औषधाच्या दुकानात होतं.

आणि तिथेच आपली अडचण सुरू होते. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, पण तिथल्या माणसाला बेळगाव जवळ. निपाणी कर्नाटकात, पण तिथला माणूस कोल्हापूरलाही सहज जातो. खानापूरचा रुग्ण बेळगावला येतो, बरा झाला की गोव्यात मुलाकडे जाऊन राहतो. कर्नाटकच्या योजना वेगळ्या, महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना वेगळी. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ती सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. ऑपरेशन एका राज्यात, औषधं दुसऱ्या राज्यात, पुढचा अटॅक तिसरीकडे. पाच वर्षांनी छातीत कळ आली तर समोरच्या डॉक्टरला जुन्या ग्राफ्टची माहिती मिळत नाही, आणि दुसऱ्यांदा छाती उघडायची तर ती माहिती जीव वाचवणारी असते: हाडाला आतून चिकटलेला चालू ग्राफ्ट करवतीखाली आला तर टेबलावरच अनर्थ होतो. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये ब्रिटनमध्ये आणि दुसरी जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये झाली; दुसरी करायला मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा आणि त्यांचा चमू गेला होता. पंतप्रधानांचे जुने कागद सापडतात. हुक्केरीच्या शेतकऱ्याचे सापडतीलच असं नाही.

म्हणून या क्षेत्रातली सर्वांत मोठी उणीव नव्या वाहिनीची नाही, आपल्या माणसांच्या नोंदींची आहे. वर दिलेले आकडे क्लीव्हलँडचे, ऑक्सफर्डचे, मेलबर्नचे, ओरेब्रोचे आहेत. मिसरी लावणाऱ्या, मधुमेह असलेल्या, पन्नाशीतल्या सीमाभागातल्या बाईचा ग्राफ्ट दहा वर्षांनी कसा असतो, हे त्यातून कळत नाही.

हे काम बेळगावच्या आवाक्याबाहेरचं आहे असं कुणी म्हणू नये. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी याच जिल्ह्यातल्या खेड्यांत, घरी आणि उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉल गोळीची चाचणी केली. गोळी दिली नर्सबाईंनी, नोंदी ठेवल्या त्यांनीच. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला आणि जगाने तो वाचला. खेड्यातल्या बाळंतपणाची एवढी काटेकोर नोंद जिथे ठेवता आली, तिथे ऑपरेशन थिएटरमधल्या ग्राफ्टची ठेवता येणार नाही, हे पटण्यासारखं नाही.

तेव्हा या विषयात येणाऱ्या तरुण डॉक्टरांना विनंती अशी. प्रबंधासाठी परदेशी तक्ते पुन्हा उतरवून काढू नका. आपल्या विभागात एक नोंदवही सुरू करा, कागदावर किंवा संगणकावर. प्रत्येक बायपासची कुठली वाहिनी कुठल्या धमनीला जोडली, अडथळा किती टक्के होता, साखर किती, तंबाखू कुठला, आणि घरातल्या दोन माणसांचे फोन नंबर, एवढं त्यात लिहा. एक, पाच आणि दहा वर्षांनी फोन करा. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, खानापूर इथल्या फॅमिली डॉक्टरांना त्यात सामील करून घ्या, कारण रुग्ण शेवटी त्यांच्याकडेच जातो. दुसरा ग्राफ्ट कुठला, या प्रश्नाचं आपल्या माणसांपुरतं उत्तर त्या नोंदवहीतूनच मिळेल. सुरुवात पुढच्या ऑपरेशनपासून करा.